घरातील ओल: निदानापासून भिंत वाळेपर्यंतची सविस्तर मार्गदर्शिका

भिंतीवर डाग उमटला, कपाटातील कपड्यांना कुबट वास येऊ लागला किंवा खिडकीची काच रोज सकाळी ओली दिसू लागली, की बहुतेक घरांत पहिला निरोप रंगाऱ्याला जातो. डाग खरवडला जातो, त्यावर पुट्टी आणि ओलरोधक म्हणून विकला जाणारा रंग चढतो, आणि पुढच्या दमट ऋतूत तोच डाग कधी त्याच जागी, तर कधी हातभर बाजूला पुन्हा दिसतो. दोष बहुधा रंगाचा नसतो. भिंतीवरचे पाणी चार निरनिराळ्या वाटांनी आलेले असू शकते: हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमून, नळ किंवा सांडपाण्याच्या वाहिनीतून गळून, पावसाचे पाणी बाहेरून झिरपून, किंवा जमिनीतील ओल भिंतीतून वर चढून. या प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर पैसे वाया जातातच, शिवाय पुष्कळदा पाणी भिंतीत कोंडून नुकसान वाढते. त्यामुळे ओल दिसल्यावर पहिले काही दिवस कशालाही हात न लावता केवळ निदानासाठी द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

हवेतील पाणी कसे वागते

हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प तिच्यात राहू शकते. १० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना सुमारे १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे ३०.४ ग्रॅम. हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प हे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के आहे, ते म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हवा थंड होत गेली की ही टक्केवारी वाढत जाते आणि ती १०० ला पोहोचते त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याहून थंड असलेल्या काचेवर, फरशीवर किंवा नळावर हवेतील बाष्पाचे पाणी होते; यालाच सांद्रीभवन म्हणतात.

दवबिंदू काढण्याचा एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. आर्द्रता ५० टक्क्यांहून अधिक असताना ती १०० मधून वजा करावी, आलेल्या संख्येला ५ ने भागावे आणि तो भागाकार हवेच्या तापमानातून वजा करावा. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर सुमारे २६. दुसऱ्या उदाहरणात वातानुकूलन यंत्राने २४ अंशांपर्यंत गार केलेली भिंत बाहेरच्या हवेच्या संपर्कात आली तर ती ओली होणारच, तिथे गळती शोधण्यात अर्थ नाही.

बुरशीला मात्र पाण्याचे थेंब दिसावे लागत नाहीत, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशीला ते पुरते, आणि ही स्थिती दवबिंदूपेक्षा साधारण साडेतीन अंश अधिक तापमानालाच येते. त्यामुळे हाताला पूर्ण कोरडी लागणारी भिंतही काळे ठिपके धरते. दमटपणा आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये दम्याचे आणि श्वसनाचे त्रास अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये याच विषयावर प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहे. घरात लहान मूल, वृद्ध व्यक्ती किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे काम पुढे ढकलू नये.

पहिली पायरी: ओल कोणत्या वाटेने येते ते ठरवणे

ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने बारीक रेघ ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी. रोज, किंवा निदान दिवसाआड, डाग रेघेच्या बाहेर गेला आहे की आत आक्रसला आहे ते पाहून वहीत नोंद करावी आणि त्याच ओळीत पाऊस पडला का, कपडे घरात वाळत होते का, वरच्या मजल्यावरची न्हाणी वापरात होती का, हेही लिहावे. दोन आठवड्यांची अशी नोंद एखाद्या महागड्या उपकरणापेक्षा अधिक सांगून जाते. पावसानंतर काही तासांत किंवा दिवसभरात वाढणारा डाग बाहेरून येतो, ऋतू कोणताही असो सतत वाढत राहणारा डाग बहुधा गळतीचा असतो, आणि थंड रात्रीनंतर किंवा अचानक दमट वारा सुटल्यावर दिसून दुपारपर्यंत नाहीसा होणारा ओलावा हवेतला असतो.

जागाही बोलकी असते. सांद्रीभवनाची ओल खोलीच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीभोवती, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे आणि पलंगाखाली, म्हणजे जिथे पृष्ठभाग थंड आणि हवा निश्चल असते तिथे दिसते. तिला ठळक कड नसते आणि तिच्यावर बुरशी लवकर येते. कपाट पुढे ओढून मागे विजेरीचा प्रकाश भिंतीला समांतर टाकला तर जमिनीलगत करड्या-काळ्या ठिपक्यांची विरळ जाळी दिसते, आणि ती कपाटाच्या मागच्या फळीवरही उमटलेली असते. जमिनीतून चढणारी ओल याउलट आडव्या पट्ट्यासारखी असते, सहसा मीटरभराहून वर जात नाही, तिच्या वरच्या कडेला पांढरट लोणा, म्हणजे क्षारांचा थर, लागतो आणि गिलावा भुसभुशीत होऊन त्याचे पोपडे पडतात. क्षारांमुळे त्या पट्ट्यात बुरशी कमी आढळते. छतावरचा गोल, पिवळसर-तपकिरी कडांचा डाग पाहिला की वरचा नळ, वरची न्हाणी किंवा गच्ची यांकडे पाहावे.

संशय उरला तर पुढच्या चाचण्या कराव्यात. संशयित जागा केस वाळवण्याच्या यंत्राने वरवर कोरडी करून तिथे हातभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनिअमचा पातळ कागद किंवा जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावे आणि एक-दोन दिवस तसेच ठेवावे. खोलीकडच्या बाजूवर पाणी जमले तर ते हवेतले आहे. कागद काढल्यावर आतली बाजू आणि भिंत ओली निघाली तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या असणे शक्य आहे, कारण ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा थंड राहते आणि स्वतःवर आणखी बाष्प ओढून घेते. तसे झाले तर आधी भिंतीतल्या पाण्याचा बंदोबस्त करावा.

नळाच्या गळतीसाठी रात्री घरातील सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा आणि सकाळी, पाणी वापरण्यापूर्वी, पुन्हा पाहावा. आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी वाहिनी गळते आहे; मात्र शौचालयाच्या फ्लशच्या टाकीतून भांड्यात झिरपणारे पाणीही आकडा हलवते, म्हणून टाकीत थोडा खाद्यरंग टाकून, फ्लश न करता तो भांड्यात उतरतो का हे आधी तपासावे. न्हाणीघराच्या फरशीवर संशय असेल तर निचऱ्याचे तोंड बंद करून २ ते ३ सेंटिमीटर पाणी २४ तास साचवून ठेवावे आणि खालच्या किंवा शेजारच्या भिंतीवरील पेन्सिलीच्या रेघेकडे लक्ष ठेवावे. खाली दुसरे कुटुंब राहत असेल तर त्यांना आधी कल्पना द्यावी. ओलीच्या पट्ट्यात विजेचे बटण किंवा खटका असेल तर या सगळ्याच्या आधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून वीजतंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

याच काळात एक साधा आर्द्रतामापक घरात आणावा. स्वस्त मापक पुष्कळदा चुकीचे आकडे दाखवतात, पण ते घरीच पडताळता येतात: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थेंबभर पाण्याने चिखलासारखे ओले करावे, पण विरघळू देऊ नये, आणि ते झाकण मापकासह हवाबंद पिशवीत घालून खोलीच्या स्थिर तापमानात दिवसभर ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ४ मिळवावेत. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, राखणे हे उद्दिष्ट ठेवावे.

दुसरी पायरी: बाष्प जिथे तयार होते तिथेच आवरणे

निदान सांद्रीभवनाचे निघाले तर कामाचा मोठा भाग सवयींचा आहे. एक माणूस झोपेतही श्वास आणि त्वचेवाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत सकाळपर्यंत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत गेलेले असते. ते टाळता येत नाही. टाळता येण्याजोगा सर्वांत मोठा वाटा बहुधा घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा असतो. पिळलेल्या कपड्यांची बादली वजनकाट्यावर ठेवून वजन टिपावे आणि वाळलेले कपडे त्याच बादलीत ठेवून पुन्हा वजन करावे. येणारा फरक एका धुण्याला लिटर-दोन लिटरांच्या घरात सहज जातो आणि तेवढे पाणी घरातल्या हवेने प्यायलेले असते. कपडे बाहेर वाळवता येत नसतील तर एकच खोली त्यासाठी ठरवावी, तिचे दार घराच्या बाजूने बंद ठेवावे आणि त्या खोलीतील बाष्प पंख्याने किंवा आर्द्रता शोषणाऱ्या यंत्राने काढून टाकावे. घरभर दोऱ्या बांधणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण ठेवावे. गॅसच्या ज्योतीतूनही पाणी निर्माण होते, ही गोष्ट हिशेबात धरली जात नाही: घरगुती सिलिंडरमधील १ किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ हवेत मिसळते. म्हणून शेगडी पेटवण्याबरोबरच पंखा सुरू करावा. अंघोळ करताना न्हाणीघराचे दार बंद आणि बाहेर हवा फेकणारा पंखा चालू असावा, अंघोळीनंतर तो आणखी १५ ते २० मिनिटे चालू ठेवावा, आणि भिंती व फरशी रबरी वायपरने निपटून घ्याव्यात. निपटलेले पाणी निचऱ्यात जाते. न निपटलेले सगळे हवेत जाते. पंखा खरोखर हवा ओढतो का, हे त्याच्या जाळीला पातळ कागदाचा तुकडा लावून पाहावे. कागद चिकटून राहिला पाहिजे. दाराखाली बोटभर फट नसेल तर आत येणाऱ्या हवेला वाटच राहत नाही आणि पंखा नुसता फिरतो. पंख्याची नळी खोट्या छताच्या पोकळीत सोडलेली असेल तर ओल तिथे साचते, म्हणून ती थेट बाहेर निघते याची खात्री करावी.

तिसरी पायरी: खिडकी केव्हा उघडायची, केव्हा नाही

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो निम्म्या वेळा चुकीचा असतो. निर्णय बाहेरच्या टक्केवारीवर करायचा नसतो, तर बाहेरच्या आणि आतल्या हवेतील प्रत्यक्ष बाष्पाची तुलना करून करायचा असतो. बाहेर ८ अंश आणि पावसाळी ९५ टक्के आर्द्रता आहे, आत २० अंश आणि ६५ टक्के आहे, असे समजू. बाहेरच्या घनमीटरभर हवेत सुमारे ८ ग्रॅम बाष्प आहे आणि आतल्या हवेत सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे पावसातही खिडकी उघडली तर घर कोरडे होईल. आता बाहेर ३० अंश आणि ८० टक्के, आत २६ अंश आणि ६० टक्के अशी स्थिती घेऊ. बाहेर सुमारे २४ ग्रॅम, आत १५ हूनही कमी. इथे खिडकी उघडणे म्हणजे घरात पाणी ओतणे होय. आधी दिलेल्या ठोकताळ्याने दोन्हीकडचे दवबिंदू काढले तरी हीच तुलना होते: ज्या बाजूचा दवबिंदू कमी, त्या बाजूची हवा कोरडी.

गारव्याचे दिवस सरून अचानक उबदार, दमट वारे आले की जमिनीलगतच्या खोल्यांतील फरशी ओलीचिंब होते, तेही याच कारणाने: फरशी अजून थंड असते आणि आलेल्या हवेचा दवबिंदू तिच्या तापमानाहून वर असतो. अशा दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात, फरशी कोरड्या फडक्याने पुसावी आणि ती हळूहळू उबदार होऊ द्यावी.

हवा बदलायची तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात. थंडीत एकच खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, उलट तिच्याभोवतीची भिंत गार पडते आणि ओल तिथेच धरते. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा: ज्या खोलीत गॅसची शेगडी, गॅसवरील पाणी तापवण्याचे यंत्र किंवा कोणतीही ज्योत पेटते, तिथले वायुवीजनाचे झरोके कोणत्याही कारणाने बुजवू नयेत, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

बाहेरची हवा दिवसच्या दिवस दमट राहत असेल तर आर्द्रता शोषणारे विजेवरचे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, हाच खरा उपाय ठरतो. ते चालू असताना दारे-खिडक्या बंद हव्यात. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्राची क्षमता १५ अंशांखाली बरीच घटते, त्यामुळे फार गार खोलीसाठी बाष्प शोषणाऱ्या पदार्थाच्या फिरत्या चक्रावर चालणारे यंत्र घ्यावे. वातानुकूलन यंत्रही पाणी काढते, पण खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र हवा झटपट गार करून बंद पडते आणि पुरेसे बाष्प काढतच नाही. त्याचा पंखा सतत फिरत ठेवला तर आतल्या ओल्या नळ्यांवरचे पाणी पुन्हा खोलीत येते. डबीत मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे खडे बंद कपाटापुरते उपयोगी आहेत. खोलीसाठी त्यांचा उपयोग नाही.

चौथी पायरी: थंड पृष्ठभाग

बाहेरच्या भिंतीपासून कपाटे आणि पलंग ५ ते १० सेंटिमीटर दूर ठेवावेत, कपाट गच्च भरू नये आणि त्याखालून हवा जाईल असे पाय द्यावेत. थंड पाण्याच्या उघड्या नळ्यांवर बंद छिद्रांच्या फोमचे आवरण चढवून त्याचे सांधे चिकटपट्टीने बंद करावेत, कारण फटीतून शिरलेली हवा आत जाऊन तिथेच पाणी सोडते. थंड प्रदेशात काही खोल्या पूर्ण गार ठेवून एकच खोली तापवण्यापेक्षा सगळीकडे सौम्य, पण सलग ऊब ठेवणे अधिक हिताचे असते. भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावण्याचे काम जाणकाराविना करू नये. बाष्परोधक पडदा चुकीच्या बाजूला बसला तर सांद्रीभवन थराच्या मागे, दृष्टीआड होते. तो पडदा भिंतीच्या उबदार बाजूला असावा लागतो, आणि उष्ण-दमट हवेत गार केलेल्या घराच्या बाबतीत ती बाजू बाहेरची असते.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर

पावसाचे पाणी अडवायचे ते बाहेरून. पन्हळ आणि पावसाचे नळ साफ आहेत का, सांध्यातून भिंतीवर धार लागते का, खिडकीच्या खालच्या कठड्याला बाहेरचा उतार आणि कडेखाली पाणी तोडणारी खाच आहे का, गच्चीच्या कठड्यालगतच्या कोपऱ्यांत भेगा आहेत का, हे भर पावसात उभे राहून पाहावे. कोरड्या दिवशी यातले निम्मे दिसत नाही. आतून लावलेला ओलरोधक रंग हे पाणी थांबवत नाही, तो फक्त त्याला गिलाव्यामागे कोंडतो आणि काही महिन्यांत फुग्यांसह सुटून येतो.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे निदान घाईने करू नये. पुष्कळदा घराच्या जोत्यालगत मातीचा भराव, बागेचा वाफा किंवा नवी फरशी वर चढलेली असते आणि भिंतीतील ओलरोधक थर, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या पायथ्याशी घातलेला थर, त्याखाली गाडला गेलेला असतो. बाहेरची जमीन त्या थरापासून किमान १५ सेंटिमीटर खाली आणि भिंतीपासून दूर उतरती केली, की अनेक घरांत महागडी रासायनिक इंजेक्शने द्यावी लागत नाहीत. लोणा म्हणून साचलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून उचलून टाकावेत. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत मुरतात. क्षारांनी भरलेला गिलावा डागाच्या वर निदान ३० सेंटिमीटरपर्यंत काढून टाकावा लागतो, कारण पाणी थांबल्यावरही ते क्षार हवेतील बाष्प ओढून भिंत ओली दाखवत राहतात.

बुरशी काढणे

उगम बंद केल्यावरच बुरशी काढावी. साधारण एक चौरस मीटरपर्यंतचा पट्टा घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, किंवा पाणी सांडपाण्याचे असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीकडे द्यावा. खोलीचे दार बंद करावे, खिडकी उघडावी, एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा घालावा. कोरड्या ब्रशने मुळीच घासू नये, कारण त्याने बीजाणू खोलीभर उडतात. पृष्ठभागावर आधी पाण्याचा हलका फवारा मारावा, साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या पाण्याने पुसावे, फडके वारंवार बदलून पिशवीत बांधून टाकावे आणि जागा लगेच वाळवावी. ब्लीचने डाग फिका पडतो म्हणून ते लोकप्रिय आहे, पण सच्छिद्र गिलाव्यात त्याचा परिणाम वरवरचा राहतो, आणि मेलेली बुरशीही ॲलर्जीचा त्रास देते, त्यामुळे ती मारण्यापेक्षा पुसून काढणे महत्त्वाचे आहे. ब्लीच वापरलेच तर ते अमोनिया असलेल्या द्रावणात, व्हिनेगरमध्ये किंवा शौचालय धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात. बुरशीने भरलेली गादी, जिप्समचे फलक आणि गालिचे सहसा वाचत नाहीत. पुढे कधी पाणी सांडले किंवा छत गळले, तर भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्या म्हणजे बुरशी सहसा धरत नाही.

भिंत वाळू देणे आणि मगच रंग

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. विटांची भिंत दर २५ मिलिमीटर जाडीला सुमारे एक महिना या गतीने वाळते, असा बांधकामातला ढोबळ ठोकताळा आहे, म्हणजे पूर्ण भिजलेली जाड भिंत वाळायला अनेक महिने लागू शकतात. पंखा आणि आर्द्रता शोषणारे यंत्र लावून तो काळ कमी करता येतो, पण भट्टीसारखी उष्णता देऊन घाई केली तर गिलाव्याला तडे जातात. मधूनमधून ॲल्युमिनिअमच्या कागदाची चाचणी पुन्हा करावी आणि आतली बाजू सलग दोन वेळा कोरडी निघाल्याशिवाय पुट्टी लावू नये. नव्या बांधलेल्या घराच्या भिंतींतही बांधकामाचे पाणी असते, त्यांनाही हेच लागू आहे. रंग निवडताना भिंतीतील वाफ बाहेर जाऊ देणारा, चुन्याचा किंवा सिलिकेटचा, घ्यावा. न्हाणीघरात बुरशीरोधक रंग लावावा, पण तो उपाय नव्हे, जोड आहे, हे ध्यानात ठेवावे.

छताच्या काँक्रीटचे ढलपे पडून गंजलेली सळई दिसू लागली, छत खाली झुकल्यासारखे वाटले किंवा ओलीच्या जागी भेग रुंदावत चालली, तर घरगुती उपाय तिथेच थांबवून त्या जागेखालचा वावर बंद करावा आणि संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. आतापर्यंतची तारखांची वही आणि डागाची छायाचित्रे त्यांच्या हाती द्यावीत.